गोराईच्या ताडीचा गाळ

बोरिवलीला एसटीतून उतरलो तेव्हा पिशवीत अँटिबायोटिक पावडरचा अर्धा डबा होता आणि डोक्यात घरची सात पिलं. पलटणीतून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावात मी पांढरी डुकरं पाळली. गाव हसलं, ते सोसलं. पण आईचं दूध तोडलं की पिलांना हगवण लागायची आणि बघता बघता मरायची. पहिल्यांदा पावडरने भागलं, पुढे दुप्पट घालूनही भागेना. या सातांचं दूध दहा दिवसांनी तोडायचं होतं. "हीही गेली तर हा धंदा बंद," असं सुशीलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, निघतानाच बजावलं होतं.

पलटणीतला माझा दोस्त डॉम्निक गोराईचा. "माझ्या आईचं एक बी पिलू मरत नाय, येऊन बघ," असं त्याने पत्रात लिहिलं होतं.

बसने खाडी गाठली, पुढे होडी. मी घाटावरचा माणूस, होडी हलली की जीव खालीवर. ओहोटी होती. नावाडी हसला. "काका, पोहता येतं ना?"

"नाही रे बाबा."

"मग टेन्शन नाय. इकडे बुडत नाय कोण, चिखलात रुततात फक्त."

पलीकडे टांगा मिळाला. मिठागरं मागे पडली, ताडाची झाडं दाट झाली, आणि वळणावरच्या पांढऱ्या क्रुसाजवळ डॉम्निक हात हलवत उभा दिसला. मुंबईच्या हद्दीत इतकी शांतता असेल, असं मला कोणी सांगून पटलं नसतं.

त्याची आई, रोझाबाय, लाल चौकड्यांचं लुगडं नेसून फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) तळत होती. डुकराच्या झणझणीत रश्श्याबरोबर मी अकरा खाल्ले.

"पावडर कवा घालतोस?" माझा डबा बघून तिने विचारलं.

"दूध तोडल्यावर. रोज."

"रोज? ती काय भाजी हाय? ताप आला तर डाक्टरला बोलव, औषध दे. पोट मात्र आदीच घडवायला पायजे."

तिने मागच्या दारी नेलं. मडक्यात ताडीचा तळाचा दाट गाळ फसफसत होता. याच गाळाने फुग्यांचं पीठ आंबायचं. त्यातला चमचाभर तांदळाच्या कोमट पेजेत, वर ठेचलेली लसूण. पिलं आईला पीत असतानाच, दूध तोडायच्या आठ दिवस आधीपासून ही पेज चाटवायची. तिची नऊ पिलं थाळीवर अशी तुटून पडली, की मला हेवाच वाटला.

निघताना तिने बाटलीभर गाळ दिला, तोंडाला फडकं बांधून. "बूच लावू नको हां. जित्ती वस्तू हाय, श्वास घेते. आन् किती जगली ते मना कळव."

मी मान डोलावली. पण होडीत बाटली हिंदकळली, वास सुटला, आणि मी शहाण्याने खिशातलं बूच घट्ट बसवलं. वर माझा टॉवेल गुंडाळला.

खंडाळ्याच्या घाटात फाडकन आवाज झाला. सगळी एसटी दचकली. कंडक्टर हुंगत आला. "काय हो पाव्हणं, दिवसाढवळ्या?"

"डुकराच्या पिलांसाठी आहे."

"पिलं पितात व्हय!" अख्खी गाडी हसली. मला मात्र रडू येत होतं. खाली काचा, आणि हातात ओला टॉवेल.

घरी दारातच सुशीलाने नाक मुरडलं. "पिऊन आलात?"

"पेज टाक," म्हटलं. पेज कोमट झाल्यावर टॉवेल झटकून, काच नाही ना हे चारदा बघून, तिच्यात पिळला आणि मडकं चुलीजवळ ठेवलं. सकाळी सुशीलानेच हाक मारली. पेजेवर बारीक बुडबुडे आले होते.

रोज ताजी पेज मिसळून, लसूण घालून आठ दिवस चाटवली. दूध तोडलं. पहिला आठवडा मी डुकरांपाशीच बसून काढला. पावडरचा डबा तसाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात सुशीला पिलांना नावानं हाका मारू लागली, तेव्हा धंदा बंद होत नाही हे मी ओळखलं.

मुंबईला जाऊन लोक समुद्र बघून येतात. मी एक ओला टॉवेल घेऊन आलो आणि त्यावर माझं घर उभं राहिलं. रोझाबायला कार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द लिहिला: सात.

बूच लावल्याचं मात्र अजून कळवलेलं नाही.