वासाचे तेल आणि आग्या मोहोळ

वाचनालयाच्या मित्रांनो, आत्ताच डोंगरातून परतलो. उद्या कोणी तिकडे निघण्याआधी वाचावे म्हणून हे लगेच फळ्यावर लावतो आहे.

सकाळी मी आणि माझा मित्र सुपडू अक्कलकुव्यापुढच्या जंगलात फिरायला गेलो. तिथून त्याला मुलगी पाहायला जायचे होते, म्हणून त्याने डोक्याला मोगऱ्याचे तेल चोपडले होते. माझा पूर्ण बाह्यांचा सदरा पाहून तो हसला, "तुले थंडी वाजी ऱ्हायनी का रे?"

एका सादड्याच्या झाडाखाली त्याच्या केसांवर दोन-तीन माश्या बसल्या. वर पाहिले, तर सुपाएवढी आग्या मोहोळे लटकत होती. त्याने मारायला हात उचलला. मी तो घट्ट धरला. एक माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या तुटून पडतात.

"मन्हा डोकावर शेतस रे त्या!"

"ऱ्हाऊ दे. हालू नको."

बाजूला खाजकुइलीच्या शेंगा होत्या, तिकडे पळणेही शक्य नव्हते.

तेवढ्यात एका मोहोळावरून लाट गेली. हजारो माश्यांनी एकीपाठोपाठ एकीने पोट उचलले, तळ्यावरून वारा फिरावा तसे. पुन्हा एक लाट आली. मला पापणीही मिटवेना.

केसांतल्या माश्या आपोआप उडाल्या. मग आम्ही आलेल्या वाटेनेच सावकाश मागे सरलो.

जंगलात वासाचे तेल लावून जाऊ नका, एवढे नक्की सांगतो. पण ज्यांनी आज माझ्या मित्राचा जीव घेतला असता, त्यांच्याहून सुंदर काही मी आजवर पाहिलेले नाही. तुम्हांला असे कधी झाले आहे का?