ओर्फेलिनाबाईंच्या छपराची विनवणी

ओर्फेलिना चिगुआय यांना मिंगाला बोलावून ज्याला पश्चात्ताप झाला नाही, असा माणूस आमच्या क्विल्काय गावात शोधून सापडणार नाही. आणि त्यांना न बोलावता मिंगा उरकली, असाही सापडणार नाही.

मिंगा म्हणजे काय, हे चिलोएच्या बेटांवर कुणाला सांगावं लागत नाही. घर हलवायचं असो, बटाटे काढायचे असोत, होडी पाण्यात लोटायची असो. ज्याचं काम असेल त्याने दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून विनवणी करायची. शेजाऱ्यांनी यायचं, अंग मोडेस्तोवर राबायचं, आणि घरधन्याने त्यांना उठता येणार नाही इतकं वाढायचं. विनवणी आली की नाही म्हणता येत नाही. पण विनवणी आली नाही, तर जाताही येत नाही. न विचारता कुणाच्या घरावर हातोडा घेऊन चढणं म्हणजे 'तुझ्यात आता मागायचीसुद्धा ताकद उरली नाही' असं त्याच्या तोंडावर सांगणं. एवढा उद्धट माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

तर ओर्फेलिनाबाई. कुणाचीही मिंगा असो, कामकरी यायच्या आत या हजर. कमरेला पदरासारखा खोचलेला फडका, हातात स्वतःची लाकडी पळी. आल्या आल्या घरधनिणीला चुलीपासून बाजूला सारायचं, भांड्यावरचं झाकण उचलायचं, चव घ्यायची आणि निकाल जाहीर करायचा. माझ्या बायकोच्या, नोल्फाच्या रश्शाला त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, कोंबडी या पाण्यातून नुसती पोहून गेली वाटतं." आर्तेमियो बारिया हा आमच्या गावचा बैलवाला. बायको गेल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मिल्काव केले, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या. त्यातली एक हातात तोलून बाई भर पंगतीत म्हणाल्या, "आर्तेमियो, ही खायची आहे की हिने होडीची भोकं बुजवायची?" आर्तेमियो त्यानंतर बराच काळ पाव विकत आणायचा.

पण त्याच पंगतीत पोरांची ताटं आधी कोण भरायचं? याच. आजारी माणसाचा वाटा फडक्यात बांधून त्याच्या घरी कोण पोचवायचं? याच. तिथे गेल्यावर त्या आजारी माणसाला त्याच्या अंथरुणावरून चार शब्द सुनावायच्या ते वेगळं.

आमचा हिवाळा जुलैत भरात येतो, आणि त्या वर्षी तो जरा जास्तच भरात आला. उत्तरेचा वारा सुटला तो दोन दिवस थांबला नाही. आम्ही दाराला टेबल लावून, टेबलाला पाठ लावून बसलो होतो. वारा पडल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर गावाने जागा बदलल्या होत्या. माझी होडी देवळाच्या अंगणात, नाक दाराकडे करून, प्रार्थनेला आल्यासारखी उभी. आर्तेमियोचा गोठा त्याच्याच कोबीच्या वाफ्यात बसलेला. कुणाचं कुंपण कुणाच्या अंगणात गेलं याचा निवाडा तर आजही पूर्ण झालेला नाही. पण माणूस एकही गेला नाही. दारोदार एकमेकांना हात लावून बघत फिरलो, आणि मग सगळे जण उगाचच मोठ्याने हसत सुटलो.

ओर्फेलिनाबाईंचं घर टेकाडावर, वाऱ्याच्या थेट तोंडी. त्यांच्या छपराचे अर्ध्याहून अधिक पत्रे उडाले होते. राहिली होती फक्त स्वयंपाकघरावरची बाजू. तिथे बाई, त्यांच्या कोंबड्या आणि भिजलेल्या बटाट्यांची पोती असा संसार मांडला गेला. बाकीच्या घरावर त्यांनी जुनं शीड ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मिंगांचा नुसता धडाका. आज याचा गोठा, उद्या त्याची भिंत. सकाळी उंबऱ्यावर कोणीतरी टोपी काढून उभाच. ओर्फेलिनाबाई एकही मिंगा चुकवत नव्हत्या. खोकत खोकत यायच्या, पळी चालवायच्या, नावं ठेवायच्या आणि खोकत खोकत आपल्या शिडाखाली परत जायच्या.

आम्ही वाट बघत होतो, आज आमच्या दारी येतील, उद्या येतील. नोल्फा रोज दुपारी उंबरा झाडून ठेवायची. मी हातोडी आणि खिळ्यांचा डबा दाराजवळच मांडला होता. त्यांचे उडालेले पत्रे शेतांतून, किनाऱ्यावरून, एक तर चक्क सफरचंदाच्या झाडावरून काढून आम्ही आर्तेमियोच्या अंगणात रचले. पत्रे गोळा करणं म्हणजे काही मिंगा नव्हे, ती साफसफाई. मग ते वाकलेले दिसत होते म्हणून आर्तेमियोने येता-जाता ठोकून सरळ केले. तीही साफसफाईच.

"विचारत का नाहीत?" मी म्हटलं.

"मुलगा आहे ना तिकडे लांब दक्षिणेला, पुन्ता आरेनास शहरात," आर्तेमियो म्हणाला. "तो पाठवत असेल माणसं. आपल्यासारख्यांचं काम बाईंना कुठलं पसंत पडायला! खिळासुद्धा अळणी म्हणतील."

आणि एका दुपारी ओर्फेलिनाबाई खरोखरच आमच्याकडे आल्या. नोल्फाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातलं काम टाकून नीट बसलो. नळीने ओढायच्या कडू चहाचा भोपळा हातोहात फिरला. बाई कोंबड्यांबद्दल बोलल्या. वाऱ्याबद्दल बोलल्या. आर्तेमियोच्या बैलाच्या डाव्या डोळ्याबद्दल बोलल्या. चहा कोमट आहे असं म्हणाल्या. मग उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या. आम्ही दोघं श्वास रोखून. "तुमच्या त्या खिडकीची फट बुजवा," एवढं म्हणून त्या गेल्या.

"विचारलं नाही!" नोल्फा म्हणाली.

"तू विचारायला जागा कुठे दिलीस? सारखी आपली चहा पुढे करत होतीस."

"मी? आणि तुम्ही काय केलंत? त्या दाराशी वळल्या तेव्हा असे टक लावून बघत बसलात, की एखादीला आपलं नावसुद्धा आठवू नये!"

शेजारी चौकशी केली तर तिथेही तेच. बाई आल्या, कोंबड्यांबद्दल बोलल्या, गेल्या. आर्तेमियोकडेही. गावात जितके उंबरे तितक्या ठिकाणी कोंबड्यांची हालहवाल पोचली होती, छपराची कुठेच नाही.

तेवढ्यात रेडिओवाल्याने रविवारी दुसरं वादळ येणार म्हणून सांगितलं. शनिवारी बेटाबाहेर जाणारी लाँच सुटते. आणि लाँचच्या खलाशाकडून नोल्फाला कळलं, की ओर्फेलिनाबाईंनी त्या लाँचवर एक जागा सांगून ठेवली आहे. एका पेटीसह.

नोल्फा हात पुसत तशीच टेकाड चढली. मी मागोमाग. स्वयंपाकघरात बाई पेटीत कपडे भरत होत्या. कोंबड्या पेटीच्या काठावर बसून देखरेख करत होत्या.

"मावशी, हे काय?"

"मुलगा रोज फोन करतोय. म्हणतो, घराला कुलूप लाव आणि ये. आता या रविवारी उरलेलंही उडालं, तर भिंती कुजतील. मग कसलं कुलूप आणि कसलं घर!"

"आणि परत कधी येणार?"

बाईंनी एका लोकरी मोज्याची चार वेळा घडी केली. "पुन्ता आरेनासहून कोण परत येतं गं? तिथे म्हणे घरं आतून गरम असतात. माणूस उठतच नाही."

"मग मिंगा का नाही बोलावत?" नोल्फा म्हणाली. एवढं सरळ विचारणं आमच्याकडच्या रीतीत बसत नाही. पण माझी बायको चिडली की रीतभात तिच्या मागून धावत येते.

"कुठल्या तोंडाने बोलावू?" बाई ताडकन म्हणाल्या. "आयुष्यभर तुम्हा सगळ्यांच्या अन्नाला याच तोंडाने नावं ठेवली. आणि आता माझ्या घरी काय आहे? भिजलेले बटाटे, दमट पीठ, धुरकट लाकडं. ज्याला वाढता येत नाही त्याने विनवणी करू नये. आणि केली तरी कोण येणार? म्हणतील, बरी जिरली म्हातारीची."

मी एका कोंबडीकडे बघत राहिलो. नोल्फा मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते हसूच होतं.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं, लोक तुमच्याकडे जेवायला येतील? लोक सूड घ्यायला येतील! तुमच्या हातचं वाईट जेवण मिळावं म्हणून अख्खं गाव देवाला मेणबत्त्या लावतंय. माझीच कितीतरी वाक्यं तयार आहेत. पोहून गेलेली कोंबडी मी अजून विसरले नाहीये. आणि तुम्ही तो मोका आमच्या हातून काढून लाँचवर चढणार? एवढा अन्याय?"

ओर्फेलिनाबाईंनी मोजा पेटीत टाकला. मग म्हणाल्या, "घरी जा."

"अहो पण…"

"घरी जा म्हणते ना! इथे कशी विचारणार? हा माझा उंबरा आहे."

आम्ही धावत टेकाड उतरलो. घरात शिरून दार लावलं आणि काहीच घडलं नसल्यासारखे बसलो. धाप मात्र लपेना. थोड्या वेळाने दार वाजलं. ओर्फेलिनाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. केस विंचरलेले, चांगली शाल पांघरलेली.

"शेजारीणबाई, शेजारीभाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता, "शुक्रवारी माझ्या छपराला हात लावायला याल का? जेवायला जे असेल ते."

"येऊ," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. इतक्या घाईने, की बाई दचकल्या.

तिथून त्या आर्तेमियोकडे गेल्या. आर्तेमियोने नंतर कबूल केलं की त्याने ते सुख जरा पुरवून पुरवून घेतलं. नाही म्हणता येत नाही, पण उशीर लावायला कुणाची बंदी आहे? डोकं खाजवत तो म्हणाला, "शुक्रवारी का? बघतो. जरा विचार करून सांगतो."

"कर विचार," बाई म्हणाल्या आणि सरळ आत येऊन त्याच्या चुलीवरचं झाकण उचललं. "तोवर मी हे काय शिजवलंयस ते…"

"येतो! येतो! झाकण ठेवा!"

शुक्रवारी टेकाडावर जत्रा होती. आर्तेमियोने बैलगाडीत पत्रे आणले. बाईंनी ते निरखून पाहिले. "हे माझे? इतके सरळ माझे कधीच नव्हते."

"वाऱ्याने झाले असतील," आर्तेमियो म्हणाला.

"वाऱ्याने हातोडीच्या खुणाही उमटवल्या का रे?"

"वारा जोराचा होता, बाई."

वर चढलेले ओरडत होते, खालचे त्याहून मोठ्याने ओरडत होते. शिडीवर कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि तरी एकेक पत्रा जागेवर बसत होता. वासे दोन बदलावे लागले. माझ्या वाट्याच्या कोपऱ्यात मी अंगठ्यावरही दोन-तीनदा हातोडी चालवली, पण छप्पर झालं. दुपारी आभाळ दाटून आलं आणि आम्ही उतरून पंगतीला बसलो.

जेवणाबद्दल खरं सांगायचं तर नोल्फाच्या मेणबत्त्यांना देव पावला होता. रश्शाला धुराचा वास. बटाटे पाणी पिऊन फुगलेले. मिल्काव मधोमध कच्चे आणि कडेने करपलेले. अख्ख्या गावाच्या हातात हवी ती संधी आली होती, आणि अख्खं गाव ताटात मान घालून मुकाट्याने चावत होतं. नोल्फासुद्धा गप्प. तिची तयार वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

ओर्फेलिनाबाई पळी घेऊन पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू पडत चालला. शेवटी त्यांनी पळी भांड्यावर आपटली.

"काय झालं? जिभा झडल्या? माझी कीव करताय? मी काय मेले आहे का?"

आर्तेमियोने तोंडातला घास मोठ्या कष्टाने गिळला. टोपी मागे सारली. "बाई," तो म्हणाला, "एकच विचारायचं होतं. हा रस्सा शिजवला, की घराला आग लागली होती ती याने विझवली?"

मग बाईंच्या खांद्यांना कंप सुटला. आम्हाला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग काय विचारता! बांध फुटावा तसं झालं. कुणी म्हणालं बटाट्यांना पोहायला शिकवायचं राहिलं. कुणी मिल्काव कानाला लावून आतून समुद्र ऐकू येतो म्हणालं. नोल्फाने उभं राहून आपली सगळी वाक्यं एका दमात म्हणून टाकली. वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर आलं, आणि बाई प्रत्येकाला पळी उगारून उत्तर देत होत्या, "तू बोलू नकोस! तुझ्या घरचं मीठ अजून माझ्या दाढेत आहे!" त्या दिवशी भांडं खरवडून खाल्लं आम्ही.

आणि पाऊस सुरू झाला. आधी चार थेंब, मग एकदम धो धो. प्रत्येकाची मान वर. डोक्यावर पत्रे नुसते ताशासारखे वाजत होते. आम्ही एकेक कोपरा तपासत होतो. मी माझ्या कोपऱ्याकडे जरा जास्तच बघत होतो. कुठूनही टिपूस नाही.

त्या आवाजातच बाईंचा फोन वाजला. मुलगा होता.

"काय? मोठ्याने बोल! नाही, ऐकू येत नाही! अरे, पाऊस वाजतोय!" बाईंनी फोन वर, पत्र्यांच्या दिशेने धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग पुन्हा कानाला लावला. "ऐकलंस? छपरावर! कुणाच्या काय? माझ्या! लाँचवाल्याला सांगते मी, ती जागा दुसऱ्या कुणाला दे म्हणून… अरे हो, आले आहेत सगळे. जेवतायत. काय जेवतायत ते विचारू नकोस."

फोन ठेवून त्यांनी डोळे फडक्याला पुसले, धूर फार आहे म्हणाल्या, आणि मला न विचारताच माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.