चौथं विमान

काल शिलाई मशीन पुसायला रॉकेलची बाटली उघडली आणि यांच्या शर्टांचा वास खोलीभर झाला.

हे बेगमपेटच्या विमानतळावर एका मालवाहू विमान कंपनीत मेकॅनिक होते, कंपनीचं पहिलं विमान आलं तेव्हापासूनचे. एकाची चार विमानं झाली. औषधं, टपाल, कोंबडीची पिल्लं घेऊन ती रोज उडायची. पुढे कंपनी बुडाली आणि तीन विमानं विकली गेली. चौथंही विकलं जाऊन कायमचं परदेशी निघालं त्या दिवशी हे म्हणाले, "चल की गं, एकदा बघून घे."

काचीगुड्याच्या आमच्या घरून भर दुपारी बसनं गेलो. मला कुंपणाच्या जाळीपाशी उभं करून हे आत गेले. पोटाशी काळवंडलेल्या त्या विमानाभोवती ते दोनदा फिरले, एकेक झाकण दाबून पाहिलं, मग वाकून चाकावर हात ठेवला आणि तसेच राहिले. लोक बघत होते. मला लाजच वाटली.

विमान उडालं, दिसेनासं झालं, तरी हे वरच बघत होते. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "पाहिलंस?"

"हौ, पाहिलं. त्यात काय बघायचं? चला, ऊन लागतंय."

हे नुसते हसले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. नंतर दिलसुखनगरला पंप दुरुस्तीच्या दुकानात लागले, आणि वारेपर्यंत घरात विमानाचं नाव काढलं नाही.

आयुष्यभराचं काम दाखवायला त्यांनी मला नेलं होतं. आणि मी उन्हाचं बोलले.