नाव कुणी ठेवलं?

रात्रभर वारा सुटला होता आणि सकाळी सहा वाजले तरी त्याचा जोर उतरला नव्हता. बायकांच्या वॉर्डातली खिडकी कधीच नीट लागायची नाही. झोत थेट सात नंबरच्या खाटेवर. मावशी पाण्याची बादली घेऊन आत आली तेव्हा सात नंबरवाली पांघरुणात मुटकुळं करून कुडकुडत होती. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन आजच व्हायचं होतं.

"अगं, ऑपरेशनच्या आधीच गारठून जायचीस!" मावशी म्हणाली.

भिंतीकडच्या अकरा नंबरवालीला दम्याचा त्रास. ती आपणहून म्हणाली, "मला हवाच पाहिजे. माझी जागा द्या तिला."

मावशीनं दोघींना हाताला धरून इकडचं तिकडं केलं, उशा-चादरी बदलल्या आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या कानावर घातलं. सिस्टर जांभई देत "हो हो" म्हणाली आणि पर्स उचलून घरी गेली.

आता या दोघींची गंमत अशी, की दोघींचं नाव एकच. आडनावासकट. वयातही वर्षाचाच फरक.

दुसरी कुणी असती तर गोंधळली असती. मावशी नाही. तशी घरी ती विसरभोळीच. मुलाला हाक मारायची तर आधी दिराचं, मग जावयाचं आणि शेवटी त्याचं नाव तोंडात यायचं. पण गेल्या एकोणीस वर्षांत वॉर्डात राहून गेलेली कुठलीही बाई रस्त्यात भेटली तरी मावशी तिला नावानं हाक मारायची.

हे काही उपजत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नावांची गल्लत करून तिनं ऑपरेशनच्या बाईला पोटभर चहा-बिस्किटं दिली होती. ऑपरेशन चार दिवस पुढं गेलं आणि ती बाई भिंतीकडं तोंड करून रडत राहिली. ते रडणं मावशीच्या मनातून गेलं नाही. नुसतं नाव ओल्या हातातल्या साबणासारखं सटकतं, हे तिला कळून चुकलं. मग ती नव्या बाईला विचारू लागली, "नाव कुणी ठेवलं तुझं?" कुणाचं मामानं, कुणाचं शेजारणीनं, कुणाचं भांडणातून. नावाला असा एकेक माणूस चिकटला, की ते हलायचं नाही.

सिस्टर मंडळी हसायची. "आली आमची जनगणना!" म्हणायची. मावशी मनावर घ्यायची नाही.

साडेआठला ती धुलाईखोलीतून चादरींचा गठ्ठा घेऊन वर आली आणि बघते तो लिफ्टच्या दारात स्ट्रेचर. त्यावर दम्याची बाई.

"हिला कुठं घेऊन चाललास रे?"

"ऑपरेशनला," स्ट्रेचरवाला म्हणाला. "खाट सात नंबर. नाव घेऊन विचारलं, हो म्हणाली. हातावरची पट्टी बघितली. सगळं बरोबर आहे."

"सगळं बरोबर, बाई तेवढी चुकीची!"

मागून मोठ्या सिस्टर आल्या. हातात सात नंबरच्या खाटेवरून काढून आणलेली फाईल. "मावशी, वर डॉक्टर खोळंबलेत. बाजूला व्हा."

"नाही होणार."

एकोणीस वर्षांत मोठ्या सिस्टरना तिनं 'नाही' म्हटलं नव्हतं. गठ्ठा खाली टाकून तिनं स्ट्रेचरची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"हिचं नाव आजोबांनी ठेवलंय, त्यांच्या गेलेल्या बहिणीच्या आठवणीनं. ऑपरेशनवालीचं ठेवलं तिच्या बापानं, ट्रकच्या मागं वाचून. तो ट्रक काही केल्या पुढं जाऊ देईना, दोन तास बापाच्या डोळ्यांसमोर तेच नाव!"

स्ट्रेचरवाल्याला हसू फुटलं. सिस्टरना नाही.

"हे फाईलीत कुठं लिहिलंय?"

"फाईलीत नाही, म्हणून तर ओरडून सांगतेय." न लिहिता खाट बदलली म्हणून गेल्या वर्षी एका आयाला घरी पाठवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. "सकाळी खाटा मीच बदलल्या. काय शिक्षा करायची ती मला करा. पण हिच्या पोटाला सुरी लावू नका."

सिस्टरनी वाकून त्या बाईलाच विचारलं, "तुम्हाला काय होतं हो?"

"धाप लागते. छातीच्या फोटोलाच नेताय ना मला?"

लिफ्टचं दार उघडलं आणि आपलं आपणच मिटलं. सिस्टरनी भिंतीवरचा फोन उचलला, वर दोन शब्द सांगितले आणि स्ट्रेचर माघारी फिरलं.

दहा मिनिटांत ट्रकवाली वर गेली. दम्याची बाई खिडकीशी बसून मोठमोठे श्वास घेत होती. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं, आणि मावशीनं कळू दिलंही नाही. "तुमच्या नावाची दुसरी आहे ना, तिचा नंबर आधी होता," एवढंच म्हणाली.

मोठ्या सिस्टरनी तिला टेबलाशी बोलावलं. "खाट बदलली की तिथल्या तिथं कागद बदलायचा. मी लिहून घेतेय, तुमचंही आणि रात्रीच्या सिस्टरचंही."

"घ्या लिहून. चुकलंच माझं."

सिस्टर लिहिता लिहिता थांबल्या. "शेजारच्या वॉर्डात एकाच नावाच्या तिघी आल्यात. कालपासून सगळे गोंधळलेत. वेळ झाला की जरा... विचारून याल?"

मावशीनं मान डोलावली. तिथून निघाली ती खांदे मागं टाकून, अशी की चपलाही वेगळ्या वाजत होत्या. आपल्याला जे येतं ते या इमारतीत दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि ते आपण कुणाकडूनही शिकलेलो नाही, हे तिला आज पुरेपूर ठाऊक होतं.

स्ट्रेचरवाला आडवा आला. "मावशी, माझं नाव कुणी ठेवलं, सांगा बघू?"

"मोठ्या बहिणीनं. आणि तुला ते मेलं बिलकूल आवडत नाही."

त्यानं खिशावरची नावाची पट्टी हातानं झाकली. तेवढ्यात चार नंबरवरून हाक आली, "मावशी, भांडं! लवकर!"

"आले, आले! दम धर गं!" म्हणत तिनं पदर खोचला आणि कोपऱ्यातलं बेडपॅन उचललं.