सुपडू मास्तरचे दात

पारोळ्यात एखादी वरात सुपडूच्या बँडशिवाय निघाली, की लोक विचारत, "वरबापाचं मास्तरशी काही वाजलं का?" इतका त्याच्या क्लॅरनेटचा दरारा होता.

अठ्ठ्याऐंशीच्या लगीनसराईत बोदवडला मात्र भलतंच घडलं. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं बेभान नाचतायत आणि ऐन रंगात क्लॅरनेटमधून मान पिरगळलेल्या कोंबडीसारखा आवाज निघाला. नाचणारे थबकले, मग पोट धरून हसत सुटले. सुपडूने क्लॅरनेटच्या तोंडाशी असलेल्या पत्तीला शिव्या घातल्या आणि नवी पत्ती बसवली. जुनीवरचा लाल डाग त्याने गुपचूप रुमालाला पुसला.

दुखणं पत्तीचं नव्हतंच. खालच्या हिरड्या वर्षभर सुजलेल्या होत्या आणि पुढचा एक दात आता ओठाच्या दाबाने हलायला लागला होता. सकाळी बोटावर मिश्री घेऊन चोळली की रक्त येई, म्हणून सुपडूने त्या बाजूला बोट लावणंच सोडलं होतं. मिश्री तेवढी हिरडीत दाबून ठेवायची, म्हणजे ठणका कळत नाही.

"तुम्हनं तोंड वास मारस," त्याची बायको कलाबाई म्हणाली. "बोलनं व्हई ते तिकडे तोंड करीसन बोला."

ढोल वाजवणारा झुलाल त्याचा जुना दोस्त. त्याने भीती घातली, "दवाखानामा जाऊ नको, मास्तर. दात साफ करा का बठ्ठा दात हालाले लागतस!"

सगळेच दात गेले तर फुंकणार कशावर, या विचाराने सुपडूची झोप उडाली. शेवटी कलाबाईच त्याला धुळ्याला, देवपुरातल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याच्या हातात आरसा दिला. दातांच्या मुळाशी, हंड्याच्या तळाला क्षार बसावा तसा पिवळा, टणक थर जमला होता.

"हे कीटण. रोजचा मळ निघाला नाही की तो असा दगड होतो. त्याने हिरडी सुजते, सुटते, आतलं हाड झिजतं. मग दात हलतात. मिश्रीतल्या तंबाखूने ते आणखी बिघडतं."

"पण बाई, घासलं की रक्त येतं. म्हणून तर घासत नाही."

"भाऊ, नीट घासत नाही म्हणूनच रक्त येतं. वाजवून झालं की क्लॅरनेटचं काय करता?"

"आतून फडकं फिरवतो. नाहीतर कुजेल ना!"

बाई नुसत्या हसल्या. सुपडूला जरा उशिरा उमगलं, आणि मग तोही हसला.

हलणारा दात काही वाचला नाही, तो काढावा लागला. बाकीचे साफ झाले तेव्हा जीभ फटींतून फिरली आणि सुपडू घाबरला. झुलाल खरंच बोलला होता की काय? बाईंनी समजावलं, "त्या फटी आधीच होत्या, कीटणाने बुजल्या होत्या. आता हिरडी धरेल." मऊ ब्रश, हिरडी अन् दात जिथे मिळतात तिथे हलक्या हाताने, सकाळी आणि झोपताना. काही दिवस कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मिश्री बंद.

ब्रशचं जमलं. सुरुवातीला रक्त आलं, तरी त्याने हात थांबवला नाही, आणि हळूहळू ते येईनासं झालं. मिश्रीने मात्र जीव खाल्ला. कलाबाईने त्याची डबी चुलीत टाकली, तेव्हा तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. तोंडात बडीशेप धरून अंगणात बसे आणि लांबलचक सूर ओढत राही. शेजारी कंटाळले. पण दात गेलेल्या जागी ओठ कसा दाबायचा, ते त्याला त्यातूनच सापडलं. पुढच्या लगीनसराईत त्याने पारोळ्याची वरात चौकातून हलू दिली नाही. झुलालने ढोल वाजवता वाजवताच विचारलं, "मास्तर, तो दवाखाना कुठे शे?"

त्याच सुमारास एका सकाळी सुपडूला कलाबाई न्हाणीमागे पाठमोरी दिसली. बोट तोंडात, हातात मिश्रीची डबी.

"मनी डबी चुल्हामा, आनि हाई?"

"मना दातले काय व्हयनं? मी काय बँड वाजाडस का?"

सुपडूने आरसा आणला आणि तिच्यापुढे धरला. कलाबाईने बराच वेळ ओठ उघडला नाही. मग उघडला, पाहिलं आणि आरसा पालथा ठेवून म्हणाली, "देवपूरनी एस्टी किती वाजता शे?"