इत्सेलचे सिनेमे आणि आमच्या खाली गेलेल्या माना

ज्या प्रसंगांनी आपली शोभा वाढते, ते आपण दोन वर्षांत विसरतो. ज्यांनी आपली शोभा होते, ते मात्र साठत जातात! आंघोळ करताना मध्येच आठवतात आणि तोंडातून नकळत 'ईऽऽ' निघतं. आमच्या जर्मनीतल्या, ब्राउनश्वाइगच्या बिल्डिंगमध्ये असे प्रसंग जरा जास्तच साठलेत. कारण एकच, वरच्या मजल्यावरची इत्सेल.

इत्सेल मेक्सिकोची. इथे येऊन सिनेमा शिकली, आता स्वतः लिहिते आणि दिग्दर्शन करते. म्हणजे करायला धडपडते. मी आणि माझा नवरा निखिल पुण्याचे, वोल्फ्सबुर्गला सॉफ्टवेअरमध्ये. सिनेमाशी आमचा संबंध पॉपकॉर्नपुरता. पण तिला नट मिळत नाहीत आणि आम्हाला नाही म्हणता येत नाही! स्पॅनिशमध्ये 'ज'चा 'ह' होतो, त्यामुळे ती मला प्राजक्ताऐवजी 'प्राहक्ता' म्हणते. चालायचंच.

* * *

तिच्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये मी प्रेत होते.

बिल्डिंगच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, शूटिंग. मी फरशीवर पडलेली, अंगभर टोमॅटोचा साल्सा. निखिल खुनी, हातात आमचाच भाजी चिरायचा चाकू. नटी म्हणून आलेल्या मुलीनं अशी काही किंकाळी फोडली, की तळमजल्यावरच्या आजींनी थेट पोलिसांना फोन केला.

पोलीस आले. मला कुणी काही सांगितलंच नाही! 'कट' म्हटल्याशिवाय हलायचं नाही, अशी ताकीद होती, म्हणून मी आपली पडून. कुणीतरी माझ्या मानेला हात लावला तेव्हा मी ओठ न हलवता जर्मनमध्ये पुटपुटले, "बिटे, प्लीज, शूटिंग चालू आहे!"

"दिग्दर्शक कोण?" पोलिसानं विचारलं.

इत्सेलला एकदम स्वतःचा व्हिसा आठवला. तिनं निखिलकडे बोट दाखवलं. "हा!"

चाकू हातात घेऊन निखिल म्हणाला, "मी? अहो, मी टेस्टर आहे!"

सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती. मी साल्सा निथळत वर आले, तेव्हा आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी खून करायचा असेल तर जिन्यात आधी नोटीस लावा. आणि रविवारी नको!"

* * *

माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. जिन्यात त्यांना इत्सेल भेटली. सावळी, लांब वेणी, गोड हसणारी. सासूबाईंनी सरळ मराठीच सुरू केलं. इत्सेलला माझ्याकडून दोनच शब्द आलेले, 'हो ना' आणि 'बरं'.

"लग्न झालंय का गं?"

"हो ना."

"सासरचे नीट वागवतात ना?"

"बरं."

घरात येऊन सासूबाई हळूच म्हणाल्या, "वरची मुलगी सोन्यासारखी आहे गं. पण सासरी जाच असावा. मनमोकळं काही बोलतच नाही."

इत्सेल मेक्सिकोची आहे, अविवाहित आहे आणि तिला मराठी येत नाही, हे मी सांगितलं तशा त्या मटकन सोफ्यावर बसल्या.

"अगंबाई! आणि मी तिला अर्धा तास नवऱ्याशी जुळवून घ्यायला सांगितलं!"

इत्सेलला हे कळलं तेव्हा ती त्यांच्याहून जास्त लाजली. म्हणाली, "प्राहक्ता, मला वाटलं, त्या माझ्या सिनेमाबद्दल बोलतायत. इतक्या काळजीनं कुणी बोललंच नव्हतं."

* * *

तिनं एक पटकथा लिहिली होती. वोल्फ्सबुर्गच्या पार्किंगमध्ये गाडी हरवलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणींची. आम्ही वाचून पोट धरून हसलो. ती घेऊन ती एका निर्मात्याकडे गेली.

"सुंदर," तो म्हणाला. "पण यात मेक्सिको कुठे आहे?"

बिचारी घरी आली. एका बहिणीला कवटीचा मुखवटा घातला, दुसरीच्या हातात बंदूक दिली आणि पार्किंगच्या कोपऱ्यात निवडुंग लावला. आमच्यासमोर वाचताना तिची मान वर होईना. वाचून झाल्यावर निखिल नुसताच "हं" म्हणाला.

निर्मात्यानं पुन्हा वाचलं. म्हणाला, "गेनाऊ! अगदी हेच! पण आता हे जरा साचेबद्ध वाटतंय."

* * *

आमचे बॉस रिटायर होणार होते. त्यांच्यासाठी छोटी फिल्म करायची ठरली आणि मी मोठ्या तोंडानं इत्सेलचं नाव सुचवलं. तिनं ऑफिसात प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर बसवून एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला त्यांची कसली आठवण येईल?"

पार्टीत केक कापून झाल्यावर फिल्म लागली. पहिला सहकारी पडद्यावर आला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, नाक खाजवलं. संपलं! दुसरा नुसता "आल्झो...", म्हणजे "तर...", म्हणून थांबला. उत्तरं गायब! लोक विचार करत होते तेवढंच या बाईनं ठेवलं होतं! मग मी आले. माझा चेहरा भिंतीएवढा, शब्द आठवण्याच्या धडपडीत वेडावाकडा झालेला. मी खऱ्या आयुष्यात प्रिंटरच्या मागे सरकले.

फिल्म संपली. बॉस सावकाश उभे राहिले.

"इतकी वर्षं मीटिंगा घेतल्या," ते म्हणाले, "पण या लोकांना विचार करताना आज पहिल्यांदा पाहिलं!"

* * *

मेक्सिकोत तिच्या आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की मुलगी जर्मनीत डायरेक्टर आहे. मुलगी त्या वसंतात एका सुपरमार्केटच्या दारात जाहिरातीसाठी श्पार्गेल, म्हणजे पांढरा शतावरीचा कोंब, बनून उभी राहायची. डोक्यावर फोमचं टोक, चेहऱ्यापुरतं भोक.

मी तिथे भाजी घ्यायला गेले होते. तेवढ्यात तिच्या फोनवर आईचा व्हिडिओ कॉल आला. तिचे हात त्या सोंगात अडकलेले, म्हणून फोन मी उचलला. चूक झाली! पडद्यावर आई, मावशी, शेजारणी, सगळ्या दाटीवाटीनं बसलेल्या. कॅमेरा नेमका इत्सेलकडे.

इत्सेल लाल झाली. श्पार्गेल पांढरा असल्यामुळे ते फारच उठून दिसत होतं. "आई, मी सेटवर आहे," ती म्हणाली. आईनं बराच वेळ निरखून पाहिलं. मग वळून शेजारणींना काहीतरी अभिमानानं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मोठे डायरेक्टर स्वतःच्या सिनेमात कामही करतात."

* * *

मागच्या वर्षी इत्सेलचा नवा सिनेमा इथल्या एका छोट्या महोत्सवात लागला. आईला कळलं आणि ती स्वतःच तिकीट काढून येऊन थडकली. इत्सेलनं मला जिन्यात गाठलं. "प्राहक्ता, आईनं हा सिनेमा बघायला नको."

सिनेमा स्पॅनिशमध्ये, खाली जर्मन सबटायटल्स. एका शाळकरी मुलीच्या श्रीमंत मैत्रिणी न सांगता घरी येतात. दार आई उघडते, अंगात मळका एप्रन. "या कोण?" मैत्रिणी विचारतात. मुलगी म्हणते, "आमच्याकडे कामाला आहे." आई ऐकते. काही न बोलता, खाली बघून सगळ्यांना पाणी आणून देते. मैत्रिणी गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरात धावत येते आणि आईला घट्ट मिठी मारते. संपलं.

माझ्या दोन्ही बाजूला लोक डोळे पुसत होते. नंतर प्रश्नोत्तरं झाली. कुणीतरी विचारलं, "ही खरी गोष्ट आहे का?"

"नाही," इत्सेल म्हणाली. "सगळं कल्पनेतलं आहे."

दिग्दर्शिकेची आई हॉलमध्ये आहे, हे सूत्रसंचालकाला कळलं होतं. त्यानं कौतुकानं तिला स्टेजवर बोलावून माइक दिला. "तुम्हाला कसा वाटला सिनेमा?" आई पुष्कळ वेळ स्पॅनिशमध्ये बोलली. मग सगळे इत्सेलकडे बघायला लागले. भाषांतर तिनंच करायचं होतं.

"आई म्हणते, छान झालाय. सगळ्यांचे आभार."

एवढ्या लांब भाषणाचं एवढंसं भाषांतर! हॉल हसला. आई हसली नाही. आठवडाभरात ती जर्मनचा एकच शब्द शिकली होती. माइक तोंडाजवळ नेऊन तिनं तो म्हटला.

"नाइन."

म्हणजे, नाही. आईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून मुलीकडे बघणं.

इत्सेल जमिनीकडे बघत म्हणाली, "आई म्हणते, ती मिठी झाली नव्हती."

आईचं पुढचं वाक्य.

"आई म्हणते, पाणी देऊन झाल्यावर तिनं मला विचारलं, बाईसाहेब, आणखी काही हवंय का?"

आई आणखी एक वाक्य बोलली. अगदी छोटं. इत्सेलनं मान फिरवली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माइक तिच्या तोंडाजवळ धरला.

"आणि मी म्हणाले, नको. तू जा आता."