ळ नसलेलं मशीन

नातवासाठी कॉम्प्युटर घ्यायला इथं सुरतेत दुकानात गेले. खोका उघडला तसा नव्या रबराचा वास आला, आणि मी मनानं मानोऱ्याच्या टायपिंग क्लासात जाऊन बसले.

मी आठवीतच शाळा सोडलेली. तरी वानखडे मास्तरांनी मला टायपिंग शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. वाशीमला नोकरीची परीक्षा तोंडावर होती आणि क्लासातलं मशीन खिळखिळं झालेलं. नवं विकायला दोन कंपन्यांचे एजंट एकाच दुपारी टपकले. एक म्हणे अर्धा विदर्भ आमचा, दुसरा म्हणे उरलेला आमचा. एकमेकांच्या मशीनला डबडं म्हणण्यापलीकडे दोघांना काही येत नव्हतं.

पहिल्याच्या मशीनवर मी भीत भीत शेजारच्या गावाचं नाव, ‘मंगरूळ’, लिहायला घेतलं. ळ सापडेना. त्या भामट्यानं हिंदीचंच मशीन मराठी म्हणून आणलं होतं.

“ळ कशाला हवा? तुम्ही वऱ्हाडी तर डोळ्याला डोया म्हणता!”

दुसराही खो खो हसला. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं. मी मशीनवरून हात काढून घेतले.

मास्तर उठले. “बोलतानी ळ आमी खातो, साहेब. परीक्षेत खाल्ला तं पोरीची नोकरी जाईन. उचला!”

“आमच्या मशीनवर आहे ना ळ,” दुसरा घाईनं म्हणाला.

“मशीनवर असन. पन हासले तं तुमीबी.”

तेव्हा मला माझ्या बोलीची लाज वाटली होती. आज त्या दोघांची वाटते. जुन्याच मशीनवर सराव करून मी पास झाले. ते दोघं मात्र मशीनं पोटाशी धरून, अर्धा विदर्भ कोणाचा म्हणून भांडत एसटीत चढले.